आक्काच्या डोक्यातल्या दोन नळ्या

बारामतीत आक्काकडे खोली मागायला गेले तेव्हा तिनं मला तीन प्रश्न विचारले. नोकरी कुठली, पगार किती, लग्न कधी करणार, यातलं एकही तिला नको होतं. पहिला प्रश्न होता, "घोरतीस का?" दुसरा, "राग आला की जेवण सोडतीस का जास्त जेवतीस?" आणि तिसरा, "डोकं दुखतं का कधी?"

मी म्हटलं, "घोरत नाही. राग आला की जास्त जेवते. डोकं दुखतं कधीतरी, चष्म्याचा नंबर वाढला की."

"मग आधी चष्मा बदल. सामान नंतर आण."

मी खरोखरच चष्मा बदलून गेले. तिनं तो आपल्या डोळ्यांना लावून पाहिला, तिला काहीच दिसलं नाही, तेव्हा तिचं समाधान झालं आणि किल्ली माझ्या हातात पडली.

कालव्याच्या अंगाला एका गल्लीत तिच्या चार खोल्या होत्या. तीन भाड्यानं दिलेल्या, चौथीत ती स्वतः. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती, म्हणून ती मला 'मातीवाली' म्हणायची. पहिल्या आठवड्यात मी तिला "आक्का, तुम्ही" म्हणाले, तर ती मागे वळून बघायला लागली.

"काय झालं?"

"तुमी म्हणलं की मला वाटतं माझ्या पाठीमागं आणि कुणीतरी उभं हाय. तू म्हण."

तेव्हापासून मी तिला 'तू'च म्हणत आले. आता माझी बदली झाली, गाव सुटलं, पण फोनवर अजूनही तेच चालतं.

आक्का बोलायची. किती बोलायची हे सांगून पटणार नाही. घरात माणूस नसलं तर कुकरशी बोलायची. "दे की शिट्टी, का रुसलीस? काल तर तीन दिल्यास न मागता." मिक्सर अडकला की त्याच्या खानदानाचा उद्धार. नळाला पाणी आलं नाही तर नळाला, आलं तर "आलास का बाबा, वाट विसरला हुतास जनू." सकाळी मी दात घासत असायचे आणि भिंतीपलीकडून हे सगळं ऐकू यायचं. गजराची मला कधी गरज पडली नाही.

रविवारी सकाळी ती मिश्री भाजायची. काळ्याकुट्ट तव्यावर तंबाखू टाकली की असा धूर निघायचा की गल्लीतली दारं एकामागून एक बंद व्हायची. तिला त्याचं काही नव्हतं. भाजून, कुटून, डबीत भरून झालं की बोटावर घेऊन दातांना लावत ओट्यावर बसायची आणि मला दात दाखवायची. "बघ, एक तरी हलतोय का?" खरंच हलत नव्हता.

पेपर आला की ती आधी निधनाचं पान उघडायची. नावं मोठ्यानं वाचायची आणि त्यांच्यापुढची वयं. म्हाताऱ्या माणसांवर ती थांबायची नाही. चाळिशीतली एखादी बाई दिसली की बोट तिथंच ठेवायची आणि म्हणायची, "मी पुढं हाय." मला वाटायचं, सहासष्टाव्या वर्षी ही कसली शर्यत लावून बसली आहे?

आणि पाणी. तिच्या दारात कुणीही आलं की त्यानं तोंड उघडायच्या आत तांब्या त्याच्या हातात. मीटर बघायला येणारा, कुरियरवाला, चुकून पत्ता विचारायला आलेला. चालत नाही आणायची, धावत आणायची. गुडघे दुखत असले तरी धावत. एकदा एक कुरियरवाला घाईत होता, "नको मावशी" म्हणाला. आक्कानं त्याच्या कागदावर सहीच केली नाही. तो प्याला, मग केली. मला वाटायचं, पाहुणचार आहे, गावाकडची पद्धत आहे. तसं नव्हतं, पण ते मला पुढे पुण्यात कळलं, एका डॉक्टरसमोर.

झालं असं. एका सकाळी ती कुकरला झापत होती आणि वाक्य मध्येच तुटलं. तिचं वाक्य तुटणं ही अशी काही गोष्ट होती की मी ब्रश तोंडात धरूनच पलीकडे गेले. ती ओट्यापाशी उभी होती. उजव्या हातातला डाव खाली पडला होता आणि ती त्या हाताकडे बघत होती.

"काय झालं आक्का?"

"चमचा," ती म्हणाली.

"चमचा हवाय?"

तिनं मान हलवली, नाही. पुन्हा तोंड उघडलं. "चमचा. चमचा." डोळे इतके घाबरलेले मी कुणाचे पाहिले नव्हते. तिला काहीतरी दुसरंच म्हणायचं होतं आणि तिच्याकडे तो एकच शब्द उरला होता.

मी तशीच चूळ भरून रिक्षा आणली. तिला धरून बसवलं. ती माझा हात घट्ट आवळून होती, डाव्या हातानं. दवाखाना चौकापलीकडे आला आणि रिक्षा एका खड्ड्यात आदळली, तशी ती ओरडली, "आरं बाबा, बघून चालीव की, म्हातारं माणूस हाय गाडीत!"

मी रडायलाच लागले. ती म्हणाली, "रडतीस कशापायी? आलं की बोलणं. चल, घरी जाऊ. कुकर तसाच हाय."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं नाही. "बोलणं परत आलं म्हणूनच थांबा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी परत येईलच असं नाही." डोक्याचा फोटो काढला. तो बघून त्यांनी आम्हाला पुण्याला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. तिथं खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "घरचं कोण आहे?" आक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही हाय की. माती तपासती."

पुण्यात मनगटातून बारीक नळी घालून डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची नीट तपासणी झाली. मग डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. चाळिशीच्या असतील. आवाज शांत, आणि मुख्य म्हणजे त्या आक्काशी बोलत होत्या, माझ्याशी नाही.

"आक्का, तुमच्या डोक्यात दोन गोष्टी सापडल्यात. डाव्या बाजूची एक रक्ताची नळी आतून थर साचून अरुंद झालीय. त्या दिवशी बोलता येईना झालं, ते तिच्यामुळे. आणि उजव्या बाजूला दुसऱ्या एका नळीच्या भिंतीला, जिथं तिला फाटा फुटतो तिथं, लहानसा फुगवटा आलाय. त्यानं अजून तुम्हाला काही त्रास दिलेला नाही. शोधायला गेलो एक आणि दिसलं दुसरंही."

"म्हंजी एकीकडं आवळलंय आणि दुसरीकडं फुगलंय."

"अगदी बरोबर."

"मग आवळल्यामुळं फुगलेलं फुटंल का?"

डॉक्टरबाई हसल्या. "हा प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारतो. सरळ उत्तर नाही. अरुंद जागा त्याच नळीवर आणि फुगवट्याच्या अगदी अलीकडे असली, तर तिथून रक्त जोरात निघतं आणि पुढच्या भिंतीवर आदळतं. तसं दिसलं की मला काळजी वाटते. कधी उलटंही होतं, अरुंद जागेमुळे पुढचा जोर कमी पडतो. त्यामुळे दोन्ही आहेत एवढ्यावरून घाबरायचं नाही. कुठं आहे, केवढं आहे, फुगवट्याचा आकार कसा आहे, हे बघायचं. तुमच्या दोन गोष्टी दोन वेगळ्या बाजूंना आहेत. फुगवटा लहान आहे, गुळगुळीत आहे. आज मी त्याला हात लावणार नाही. दरवर्षी फोटो काढून बघू."

"आणि गोळ्या?"

"रक्त पातळ राहायची एक गोळी, ती अरुंद नळीसाठी. दुसरी रक्तदाबाची. पण दाब फार खाली आणायचा नाही. अरुंद जागेतून पलीकडे रक्त पोचायला थोडा जोर लागतो. वरही जाऊ द्यायचा नाही, कारण फुगवट्याला जोर सोसत नाही."

"दोन सवती झाल्या की हो. एकीला वाढलं की दुसरी रुसती."

"आणि मिश्री बंद. आजपासून. ती दोघींचीही वैरी."

आक्काचा हात कमरेला खोचलेल्या डबीवर गेला.

डॉक्टरबाई कागदावर लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय का? जोरात डोकं दुखून?"

मी आक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला होता.

"थोरली बहीण," ती म्हणाली. "चाळीस वर्षांची. लग्नाच्या मांडवात वाढत हुती. डोकं धरलं आणि बसली. उठलीच न्हाय."

"आणखी कुणी?"

"आई."

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं.

"मी नऊ वर्षांची हुते. आई रानात खुरपत हुती. म्हणाली, डोकं फुटाया लागलंय गं, पाणी आण. मी तांब्या घेऊन हिरीवर गेले. वाटंत पोरी खेळत बसल्या हुत्या. मी बी बसले. मग पाणी घेऊन गेले तर आई आडवी पडलेली. काकीनं मला खेळताना बघितलं हुतं. ती सगळ्यांना सांगायची, पोरीनं येळंवर पाणी आणलं असतं तर माय जगली असती."

मला तांब्या घेऊन धावणारी आक्का दिसत होती. मला खोली देताना विचारलेला तिसरा प्रश्न ऐकू येत होता.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आक्का, मी तुमच्या आईला तपासलेलं नाही. त्यामुळे नक्की हेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तुम्ही सांगताय तसं अचानक डोकं फुटल्यासारखं होणं, थोड्याच वेळात शुद्ध जाणं, वय, बहिणीचं तसंच होणं, आता तुमच्यात सापडलेला फुगवटा, हे सगळं धरलं तर आईच्या डोक्यातली नळी फुटली असणार. त्यात पाण्याचा काही संबंध नाही. तुम्ही उडत पाणी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता."

"काही बी न्हाय?"

"काहीसुद्धा नाही."

आक्कानं टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "कागदावर लिवून द्या."

"काय?"

"हेच. तुमी सांगितलं त्ये. मराठीत. सही करा खाली."

डॉक्टरबाईंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्यांच्या यादीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'पाणी देण्यास उशीर झाल्यामुळे असा मृत्यू होत नाही.' खाली सही, शिक्का.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "आई आणि बहीण, दोघी जवळच्या. तुम्हालाही सापडलं. तुमची जी भावंडं आहेत त्या सगळ्यांनी एकदा फोटो काढून घ्यायला हवा. कोण आहे?"

"कुणी न्हाय," आक्का म्हणाली.

परतीच्या गाडीत ती बोलली नाही. सासवड गेलं, जेजुरी गेली. मोरगावच्या अलीकडे ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चिंचोक्याचं दोनच डाव खेळले हुते गं."

मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "एक भाऊ हाय. शेळगावात."

अकरा वर्षं ती त्या भावाशी बोलत नव्हती. त्याच्या मुलीच्या हळदीत कसल्यातरी फालतू गोष्टीवरून, मला वाटतं मांडव कुठल्या तोंडाला घालायचा यावरून, दोघांची जुंपली आणि तो सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "तू आईला खाल्लीस, आता माझ्या कार्याला नाट लावू नगंस." आक्का हळदीच्या अंगानं एसटीत बसून बारामतीला आली होती.

पुण्याहून आल्यावर तिनं मिश्रीची डबी परसात खड्डा करून पुरली. त्यानंतरचे पंधरा दिवस गल्लीसाठी फार वाईट गेले. ती प्रत्येकाशी भांडली. मग तिनं रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि तिचा राग एका कामाला लागला. सकाळी स्वतःचा दाब मोजायची, भिंतीवर कोळशानं आकडा लिहायची, वर-खाली किती चालेल त्याच्या दोन रेघा आधीच मारलेल्या होत्या. स्वतःचा झाला की येणाऱ्याजाणाऱ्याचा. दूधवाल्याचा दाब मोजल्याशिवाय दूध घ्यायची नाही. मीटर बघणाऱ्याचा एकदा इतका वर गेला की यंत्र बिघडलं असेल असं तो म्हणाला. आक्कानं तेच यंत्र माझ्या दंडाला लावून दाखवलं, मग त्याची पिशवी काढून घेतली आणि दवाखान्यात जाऊन आल्यावरच परत दिली. तो माणूस अजून तिच्या पाया पडतो. तिचा स्वतःचा आकडा महिन्याभरात दोन रेघांच्या मधे आला आणि तिथंच राहिला. पुढच्या वर्षीच्या फोटोत फुगवटा होता तेवढाच दिसला. मिश्री नाही ती नाहीच.

पण शेळगावचं नाव काढलं की ती उठून जायची.

"आक्का, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्याचं त्यो बघून घील."

"त्याला माहीतच नाही तर तो काय बघणार?"

पुण्याहून आल्यावरचे पहिले तीन आठवडे असंच चाललं. एका रविवारी सकाळी ती नऊवारी नेसून माझ्या दारात उभी. "चल. एकटीनं गेले तर भांडून मागारी यीन."

आम्ही इंदापूरच्या एसटीत बसलो. सणसर ओलांडेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती. आक्काच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डॉक्टरांचा कागद, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. फाट्यावर उतरून आम्ही चालत वस्तीवर गेलो.

तिच्या भावाला सगळे तात्या म्हणत. अंगणात डाळिंबाचे क्रेट भरायचं काम चाललं होतं. तात्या साठीचा, शिडशिडीत माणूस, तोंडात बिडी. त्यानं आम्हाला पाहिलं, बिडी काढली, पुन्हा तोंडात घातली आणि डाळिंबं निवडत राहिला. त्याची बायको मात्र धावत आली आणि आक्काच्या पाया पडली.

"वहिनी, त्याला म्हणावं, डोक्याचा फोटू काढाय पुण्याला चल," आक्का म्हणाली. तात्या चार हातांवर होता.

"तिला म्हणावं, मला काय हुत न्हाय," तात्या म्हणाला.

"त्याला म्हणावं, आईला बी काय हुत नव्हतं."

तात्याचा हात थांबला. आक्का पुढे गेली आणि कागद त्याच्यासमोर धरला. "वाच."

"चष्मा न्हाय."

"आण."

वहिनींनी चष्मा आणून दिला. तात्यानं कागद लांब धरून, ओठ हलवत वाचला. गोळ्यांची नावं वाचायचा प्रयत्न केला, ती सोडून दिली, मग खालची ओळ. ती त्यानं दोनदा वाचली असावी. आम्ही तिघी उभ्या होतो.

"ह्ये डॉक्टरनं लिवलं?"

"सही बघ. शिक्का बघ."

त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. कागद दुमडला, पुन्हा उलगडला. मग खाली बघतच म्हणाला, "मला आई आठवत बी न्हाय गं. काकी म्हणायची, त्येच म्या म्हणलो."

"ठावं हाय मला."

"लई वाईट बोललो."

"व्हय. बोललास."

एवढंच झालं. मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील, पण आक्का एका पालथ्या क्रेटवर बसली आणि म्हणाली, "आता पुण्याला कवा येतूस?"

तात्या त्यालाही तयार नव्हता. डाळिंबाचा माल निघायचा होता, मग मजूर मिळणार नव्हते, मग त्याला मुळात काहीच होत नव्हतं. आक्का म्हणाली, "मग मी हितंच बसले." मला सोमवारी कामावर जायचं होतं, मी संध्याकाळच्या गाडीनं परतले. पुढचं वहिनींनी सांगितलं. दोन दिवस आक्का तात्याच्या मागे बोलत फिरली. डाळिंब निवडताना, गोठ्यात, जेवताना. पेपरमधलं निधनाचं पान वाचून दाखवलं, वयांसकट. तिसऱ्या दिवशी तात्यानं हात जोडले. "हिच्या तोंडापरीस त्ये मशीन बरं. चला."

त्याच डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलो. यावेळी त्या हसल्या नाहीत. पडद्यावर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तात्याच्या डोक्यातही फुगवटा होता, आक्काच्यापेक्षा बराच मोठा, त्याला एका अंगाला आणखी एक बारीक टेंगूळ आलं होतं, आणि त्याच नळीवर, फुगवट्याच्या अगदी अलीकडे, नळी अरुंद झालेली होती.

"तुम्हाला मागं सांगितलं होतं ना आक्का, कसं असलं की मला काळजी वाटते?"

"असं," आक्का म्हणाली.

"असं. हा वाट बघण्यातला नाही. बंद करायला हवा. मांडीतून बारीक नळी वरपर्यंत न्यायची आणि फुगवट्यात तारेची मऊ वेटोळी भरायची, म्हणजे रक्त आत शिरत नाही. डोकं उघडावं लागणार नाही. पण वाटेत ती अरुंद जागा आहे, तिच्यातून जायचंय. तिथं काही बिघडलं तर हातपाय, बोलणं, माणसांची ओळख, यातलं काही जाऊ शकतं. होईलच असं नाही. पण मी लपवणार नाही."

तात्यानं विचारलं, "न्हाय केलं तर?"

"तर कदाचित वर्षानुवर्षं काही होणार नाही. कदाचित उद्या होईल. मला सांगता येणार नाही."

तात्या खिशातली बिडी चाचपत बसला. मग त्यानं बंडल काढून आक्काच्या हातात दिलं. "म्या ह्ये सोडलं तर तू बडबड सोडशील का?"

"न्हाय."

"बरं." त्यानं सही केली.

तात्याला आत नेलं तेव्हा सकाळ होती. बाहेर वहिनी बाकावर डोळे मिटून बसल्या. आक्का बसली नाही. ती दारापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत होती. मी तिला चहा आणला, तो तिनं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. बरोबर आणलेलं दाबाचं यंत्र माझ्या दंडाला लावलं, आकडा बघितला, स्वतःचा मात्र मोजू दिला नाही. दुपार उलटली. कुणी दार उघडून बाहेर आला की तिघींचीही मान वळायची, आणि तो दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यायचा.

शेवटी डॉक्टरबाई स्वतः आल्या. डोक्यावरची टोपी काढत म्हणाल्या, "बंद झाला. अरुंद जागेपाशी वेळ गेला, पण गेलो पलीकडे. आता शुद्धीवर येऊ द्या, मग कळेल बाकीचं."

वहिनींनी वाकून डॉक्टरबाईंचे पायच धरले. त्यांना उठवायला दोघी लागल्या.

आत एकेकालाच सोडत होते. वहिनी आक्काला म्हणाल्या, "तुमी जावा आधी. मला धीर न्हाय." नर्सनं मलाही आत येऊ दिलं, कारण आक्कानं माझा हात सोडलाच नाही.

तात्या पांढऱ्या चादरीत अगदी लहान दिसत होता. डोळे अर्धे उघडे. नर्स त्याच्या कानाशी वाकून विचारत होती.

"बाबा, नाव काय तुमचं?"

त्यानं सांगितलं. आवाज घोगरा होता, पण नाव बरोबर होतं.

"गाव?"

"शेळगाव."

"हात वर करा. आता दुसरा." दोन्ही हात चादरीवरून थोडेथोडे वर आले. नर्सनं आक्काला पुढे ओढलं. "आता सांगा, ह्या कोण?"

तात्या बघत राहिला. मी आक्काच्या दंडाला धरून होते. तात्याची नजर तिच्या कपाळावर गेली, डोळ्यांवर आली, पुन्हा कपाळावर गेली. नर्सनं पुन्हा विचारलं. तो काही बोलेना. मला वाटलं, झालं, एवढं सगळं होऊन हेच गेलं.

मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हिला आत कुणी सोडली?" तो म्हणाला. "आता मला झोपून द्यायची न्हाय ही."

आक्का जी हसली ती इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून जागा झाला. नर्स "शू, शू" करत होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी नर्सनं आम्हा दोघींना हाताला धरून बाहेर काढलं. दाराबाहेर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर आक्का बसली आणि पदर तोंडात कोंबून गदागदा हलायला लागली. वहिनींनी लांबून एवढंच पाहिलं, आक्का पायरीवर बसून हलते आहे. त्या किंचाळत धावत आल्या. "काय झालं वन्सं? काय झालं त्यास्नी?"

आक्कानं पदर काढला. तोंड सगळं ओलं झालं होतं. तिनं वहिनींचा हात ओढून त्यांना शेजारी पायरीवर बसवलं.

"वळखलं गं," ती म्हणाली. "वळखलं त्यानं मला."